अर्वाइन की सॅन होजे? बिझनेसच्या ट्रान्सफर विद्यार्थिनीसाठी सल्ला हवा आहे

सनीवेलकरीण (धागाकर्ती) | १७ मे २०२५

नमस्कार. माझी मुलगी कुपर्टिनोच्या डी अँझा या (पहिल्या दोन वर्षांच्या) कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकली असून या वर्षी तिला चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचे आहे. तिला अकाउंटिंग करायचे आहे आणि पुढे सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखी परवानाधारक अकाउंटंट) व्हायचे आहे, हे तिचे ठरलेले आहे व त्यावर घरात वाद नाही. वाद आहे तो विद्यापीठाचा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), अर्वाइन येथे पॉल मिराज स्कूलमध्ये बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनला तिला प्रवेश मिळाला आहे आणि सॅन होजे स्टेटच्या लुकास कॉलेजमध्ये अकाउंटिंगच्या शाखेला मिळाला आहे. सॅन होजेला पैसे भरून जागा धरून ठेवलेली आहे. अर्वाइनला १ जूनपर्यंत होकार कळवायचा आहे.

खर्चाचा हिशोब असा. अर्वाइनचे शिक्षणशुल्क २०२५-२६ साठी १४,९३४ डॉलर असून त्यावर कॅम्पसची फी, राहणे आणि जेवण धरले की आम्हाला वर्षाला ३८,००० च्या आसपास पडेल. सॅन होजेचे शिक्षणशुल्क ६,४५० असून ती घरून ये-जा करणार असेल तर सगळे मिळून साडेनऊ हजारांत भागेल. ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) तिच्या नावे ४२,००० साठलेले आहेत आणि त्यापलीकडे कर्ज काढावे लागेल.

नवऱ्याचे म्हणणे असे की, यूसीचे नाव पदवीवर आयुष्यभर राहते, पैसे काय, येतात आणि जातात. मुलीने शीतकपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला आहे, त्याच्या मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंना कारणे लिहिली आहेत. अर्वाइनच्या बाजूला अकरा कारणे आहेत, त्यांपैकी ‘समुद्र’ हे दोनदा आले आहे. सॅन होजेच्या बाजूला चार आहेत आणि चौथे ‘आईचे जेवण’ असे आहे, ते मला खूश करण्यासाठी लिहिले असावे असा माझा संशय आहे. ज्यांच्या घरात हा प्रसंग येऊन गेला आहे त्यांनी कृपया नीट विचार करून लिहावे.

जुनाजाणता | १७ मे

सल्ला देण्याआधी दोन गोष्टी विचारतो. मुलगी एच-४ वर (आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून) आहे का? कारण तसे असेल तर वयाच्या एकविसाव्या वर्षाचा प्रश्न आधी सोडवावा लागेल आणि विद्यापीठाचा नंतर. दुसरे, आतापर्यंतचे विषय दोन्हीकडे कसे धरले जाणार, हे तुम्ही ‘असिस्ट डॉट ऑर्ग’ या कॉलेज-विद्यापीठांमधल्या विषयांच्या करारांच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिले आहे की समुपदेशकाच्या तोंडी आश्वासनावर आहात?

सनीवेलकरीण | १७ मे

ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी आले, त्यामुळे तो प्रश्न सुदैवाने मिटला. ‘असिस्ट’ वरचे करारपत्र तिने स्वतः उघडून छापून घेतले आहे. अकाउंटिंगचे १ए, १बी आणि १सी हे तीन कोर्स मिळून विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांतल्या वित्तीय आणि व्यवस्थापकीय अकाउंटिंगची जागा घेतात. त्यांपैकी १सी सध्या चालू आहे. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि दोन्ही अर्थशास्त्रे झाली आहेत. जून संपताना तिची ९० क्वार्टर युनिट (क्रेडिट) होतील.

अर्वाइनचा बाबा | १८ मे

आमचा मुलगा तीन वर्षांपूर्वी अशाच मार्गाने अर्वाइनला गेला, म्हणून अनुभवाचे लिहितो. पहिला फायदा असा की, डी अँझा क्वार्टर पद्धतीचे आणि अर्वाइनही क्वार्टर पद्धतीचे, त्यामुळे दहा आठवड्यांत कोर्स उरकण्याची जी घाई असते तिची मुलांना सवय असते. सेमिस्टरच्या कॉलेजांतून आलेली त्याची मित्रमंडळी पहिल्या क्वार्टरला चौथ्या आठवड्यात मध्यावधी परीक्षा पाहून गांगरली होती. दुसरे, यूसीत प्रवेशाच्या वर्षी जे शिक्षणशुल्क ठरते ते सहा वर्षांपर्यंत वाढत नाही. याउलट सीएसयूने (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, जिच्यात सॅन होजे स्टेट येते) २०२४-२५ पासून पाच वर्षे दरवर्षी ६ टक्के वाढ आधीच जाहीर केलेली आहे. आकडे लहान असल्यामुळे ती वाढ तुम्हाला फारशी जाणवणार नाही, पण हिशोबात धरावी.

तिसरे, कॅम्पस. आल्ड्रिच पार्क मधोमध आणि त्याभोवती गोल रस्त्यावर इमारती, अशी रचना असल्यामुळे मुलगा पायीच सगळीकडे जात असे. वसतिगृहात राहिल्यामुळे त्याच्यात जो फरक पडला तो पदवीच्या कागदावर दिसणार नाही, पण आम्हाला दिसला.

एक उणीवही सांगतो. तिथले पहिले क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. तो पोहोचला, खोली लावली, वर्ग शोधले आणि तेवढ्यात कळले की मोठ्या अकाउंटिंग कंपन्यांच्या पुढच्या वर्षीच्या उमेदवारीसाठी (इंटर्नशिपसाठी) मुलाखती चालू झालेल्या आहेत. चार वर्षे तिथे असलेल्या मुलांचे अर्ज उन्हाळ्यातच तयार होते.

डोंगरवाट | १८ मे

स्पष्ट लिहितो, राग नसावा. सॅन होजे स्टेट म्हणजे सकाळी यायचे, वर्ग करायचे आणि गाडी काढून घरी जायचे असे कॉलेज आहे. हातात यूसी असताना कोणी तिकडे का जावे, हे मला समजत नाही.

ताळेबंद | १९ मे

डोंगरवाट, या बाबतीत आपले ऐकीव मत थोडे बाजूला ठेवावे लागेल. पुण्यात सीएची आर्टिकलशिप करून मी इकडे आलो, सीपीए झालो आणि गेली सोळा वर्षे सॅन होजेत याच व्यवसायात आहे. सॅन होजे स्टेटची मुले दरवर्षी आमच्याकडे येतात आणि टिकतात. दोन्ही बिझनेस स्कूलना एएसीएसबी या बिझनेस स्कूलना मानांकन देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे. आता एक विषयांतर करतो आणि लगेच परत येतो: ज्या १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले त्याच साली सॅन होजे स्टेटची मूळ संस्था सुरू झाली आणि पश्चिम किनाऱ्यावरचे ते सर्वांत जुने सरकारी विद्यापीठ आहे. अर्वाइनचे वर्ग १९६५ साली भरू लागले. जुने म्हणून चांगले असे नव्हे, पण ‘कालपरवाचे कॉलेज’ असा जो सूर आपल्या लोकांत असतो त्याला आधार नाही.

सनीवेलकरीणताई, ट्रान्सफर विद्यार्थ्याच्या बाबतीत मुख्य गोष्ट ही की, त्याच्या हातात दोन वर्षे असतात आणि नोकरीच्या दृष्टीने त्यांतला एकच शरद ऋतू उपयोगाचा असतो. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी असोत की मध्यम आकाराच्या कंपन्या असोत, त्या पूर्णवेळ नेमणुका मुख्यतः आपल्याच उमेदवारांतून करतात, उमेदवारांची निवड वर्षभर आधी करतात आणि त्यासाठी कॅम्पसवर येतात ते ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. चार वर्षांच्या विद्यार्थ्याचा एक हंगाम हुकला तर पुढचा असतो. ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलीला आल्या आल्या, प्राध्यापकांची नावेही पाठ झालेली नसताना, तो हंगाम गाठावा लागतो. सॅन होजेचे वर्ग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात, म्हणजे तिला जवळजवळ महिनाभर जास्त मिळतो. शिवाय या कंपन्यांच्या सॅन होजे भागातल्या कचेऱ्यांना तिथली मुले बसने जाऊ शकतात.

आता उलट बाजू, कारण एकच बाजू मांडणे मला बरोबर वाटत नाही. ऑडिट आणि टॅक्सची उमेदवारी पुष्कळदा उन्हाळ्यात नसून जानेवारी ते मार्च या धामधुमीच्या काळात असते. क्वार्टर पद्धतीत एक हिवाळी क्वार्टर सोडले की काम भागते. सेमिस्टर पद्धतीत त्यासाठी अख्खे वसंत सेमिस्टर जाते. मुलीला कागद-पेन्सिल घेऊन हे मांडायला सांगा. अर्वाइनला तिची ९० युनिट उरतात आणि सहा क्वार्टर असतात, म्हणजे दर क्वार्टरला १५. एक क्वार्टर वजा केले तर पाचांत १८, जे कठीण आहे पण उन्हाळी वर्गांची मदत घेतली तर जमते. सॅन होजेला ६० सेमिस्टर युनिट उरतात आणि चार सेमिस्टर. एक गेले तर तिनांत २०, आणि ते मी कोणालाही करायला सांगणार नाही. तिथे मग उन्हाळ्याची उमेदवारी धरावी, किंवा टॅक्सच्या हंगामात एखाद्या लहान फर्ममध्ये आठवड्याला पंधरा-सोळा तास काम करावे. आमच्या गावातल्या लहान फर्म १५ एप्रिलपर्यंत, म्हणजे कर विवरणपत्रांच्या मुदतीपर्यंत, अशा मुलांच्या शोधातच असतात. पुण्यात ज्याने फाटक्या बिलांच्या पिशव्या उघडून व्हाउचिंग (बिलांवरून नोंदींची पडताळणी) केले आहे त्याला मी या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

चौथी ओसरी | १९ मे

ताळेबंद, एक शंका. डी अँझातच इंटरमीडिएट अकाउंटिंगही शिकवतात ना? उन्हाळ्यात ते करून टाकले तर विद्यापीठातला भार हलका होणार नाही का?

ताळेबंद | १९ मे

इथेच पुष्कळ जण फसतात. कम्युनिटी कॉलेजचा कोर्स हा पहिल्या दोन वर्षांचा कोर्स म्हणूनच धरला जातो. विषयाचे नाव आणि पुस्तक तेच असले तरी विद्यापीठाचा तिसऱ्या वर्षाचा इंटरमीडिएट अकाउंटिंग तिला पुन्हा करावाच लागेल. मात्र ते शिकणे वाया जात नाही. कॅलिफोर्नियात सीपीएच्या परीक्षेला पदवीवर बसता येते, पण परवान्यासाठी २०२५ च्या मेमधल्या नियमाप्रमाणे १५० सेमिस्टर युनिट लागतात आणि पदवी मिळते १२० मध्ये. वरची ३० युनिट कुठून आणायची हा प्रश्न प्रत्येकापुढे असतो. कोणी एक वर्षाची मास्टर्स करतो, अर्वाइनमध्ये प्रोफेशनल अकाउंटन्सीची आहे. कोणी ती युनिट कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात भरून काढतो, आणि परवाना मंडळाला ती चालतात. म्हणून डी अँझाचे खाते बंद झाले असे समजू नका.

घरचा अभ्यास | २० मे

विषय निवडीचा आहे, पण दोन्हीपैकी कुठेही गेले तरी लागू होणारी एक गोष्ट लिहिते. आमच्या मुलाला एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, नाव घेत नाही. वसंत क्वार्टरमध्ये त्याने एक कोर्स जड जातो म्हणून सोडला आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. युनिट तितकीच राहिली म्हणून त्याने कोणाला कळवले नाही आणि आम्हालाही सांगितले नाही. जुलैत गुणपत्रक गेले आणि पंधरा दिवसांत प्रवेश रद्द झाल्याचे पत्र आले, कारण सोडलेला कोर्स त्या शाखेसाठी सक्तीचा होता. अपील केले, ते फेटाळले गेले आणि वर्ष गेले. प्रवेशपत्र हे सशर्त असते आणि त्यातल्या अटी आम्ही तिघांपैकी एकानेही वाचल्या नव्हत्या. तुमच्या मुलीचा १सी चालू आहे असे वाचले म्हणून पोटात गोळा आला. तो कोर्स पूर्ण होईपर्यंत काहीही बदलू नका आणि बदललेच तर त्याच दिवशी विद्यापीठाला लेखी कळवा. यूसीला अंतिम गुणपत्रक १ जुलैपर्यंत पाठवायचे असते, तेही मुलीने स्वतः मागणी नोंदवून.

सनीवेलकरीण | २१ मे

घरचा अभ्यास, तुमचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने काही न बोलता प्रवेशपत्र उघडले आणि अटींचे पान छापून शीतकपाटावर त्या कागदाच्या शेजारी लावले.

ताळेबंद यांचे गणितही तिने मांडले. हिवाळी उमेदवारीसाठी अर्वाइन बरे पडते हे पाहून तिचा चेहरा खुलला आणि कर्जाचा आकडा पाहून परत पडला. दोन वर्षांचे ७६,००० आणि खात्यात ४२,०००, म्हणजे ३४,००० चे कर्ज. ती म्हणाली, “आई, मला तिथे जायचेच आहे असे नाही, मला इथून जायचे आहे.” हे ऐकून मला वाईट वाटले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल.

पाटपाणी | २१ मे

ताई, मुलीने एका वाक्यात गाठ सोडवली आहे. तुमच्या घरात दोन वेगळे प्रश्न एका गाठोड्यात बांधले गेले आहेत. अकाउंटिंग कुठे शिकावे हा एक, आणि विसाव्या वर्षी मुलीने आईवडिलांच्या घरात राहावे का हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर अर्वाइन हेच असले पाहिजे असे नाही. सॅन होजे स्टेटच्या आसपास चार जणींत मिळून घर घेतले तर एका खोलीला साधारण हजार-बाराशे डॉलर पडतात, आणि किमान निम्मा भार घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे भाडे ५२९ खात्यातून देता येते, अगदी कॅम्पसबाहेरचेही. फक्त विद्यापीठाने राहण्या-जेवणाचा जो अंदाजित खर्च जाहीर केलेला असतो त्याच्या आत ते असावे लागते.

सनीवेल ते सॅन होजे हे अंतर जेवणाचा डबा पोहोचवण्याइतके जवळ आहे, पण दार लोटून ‘झोपलीस का’ विचारण्याइतके नाही. मला तरी ते योग्य अंतर वाटते.

डोंगरवाट | २२ मे

माझा सूर जरा चढा होता, हे मान्य करतो. तरीही एक मुद्दा सोडत नाही. मुलीने पुढे अकाउंटिंग सोडायचे ठरवले तर काय? तेव्हा यूसीची पदवी अधिक दरवाजे उघडेल.

अर्वाइनचा बाबा | २२ मे

याचे उत्तर मीच देतो, कारण मी अर्वाइनच्या बाजूचा आहे. ट्रान्सफर होऊन आल्यावर शाखा बदलणे दोन्हीकडे अवघड आहे. सॅन होजेत जागांपेक्षा अर्ज जास्त असतात आणि अर्वाइनमध्येही बाहेरून बिझनेसमध्ये शिरणे सोपे नाही. शिवाय दोन वर्षांत बदलायला वेळ कुठे आहे? ‘उद्या मन बदलले तर’ ही चैन पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांची. पदव्युत्तर शिक्षणासाठी यूसीच्या नावाचा उपयोग होतो हे मात्र खरे आहे, आणि कर्ज निम्मे असते तर मी अजूनही अर्वाइनच म्हटले असते.

ताळेबंद | २३ मे

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली होती. मुलीने बिझनेसची ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ (कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफरसाठीची दोन वर्षांची पदवी) घेतली असेल तर सीएसयूत उरलेल्या ६० युनिटांत पदवी पूर्ण करून देण्याची हमी असते, परंतु ती हमी प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक शाखेला लागू होते असे नाही. अकाउंटिंगच्या शाखेबाबत सॅन होजेकडून हे लेखी विचारून घ्या. लागू नसेल तर चार सेमिस्टरांचे गणित पुन्हा मांडावे लागेल. सीएसयूत तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पातळीचे ९ युनिटांचे सामान्य विषयही असतात, ते या मांडणीत विसरले जातात. आणि ‘१००डब्ल्यू’ हा लेखनाचा कोर्स पहिल्याच सेमिस्टरला उरकावा. पुढे ढकलणाऱ्या मुलांची मी वर्षानुवर्षे रडगाणी ऐकतो आहे.

सनीवेलकरीण | ३० मे

सर्वांचे आभार मानून निर्णय कळवते. ताळेबंद यांनी सांगितलेले प्रश्न तिने स्वतः लिहून पाठवले आणि लेखी उत्तर आल्यावर चारही सेमिस्टरांचा आराखडा समुपदेशकाबरोबर बसून पक्का केला. ती सॅन होजेला जाते आहे. डिसेंबरपर्यंत घरून जाईल. स्टीव्हन्स क्रीकवरून जाणारी २३ क्रमांकाची बस डी अँझापासून थेट सॅन होजेच्या मध्यवस्तीत जाते, तिचा दोन वर्षांचा थांबा तोच राहील. जानेवारीपासून ती कॅम्पसजवळ खोली घेईल. दोन वर्षांचा खर्च ४४,००० च्या आत बसतो आहे, आणि ती टॅक्सच्या हंगामात काम करणार असल्यामुळे कर्ज काढावे लागू नये असे दिसते.

नवरा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, “म्हणजे भारतातल्या लोकांना आता काय सांगायचे?” तेव्हा मी त्याला १८५७ ची गोष्ट सांगितली. त्याने ती त्याच रात्री त्याच्या काकांना फोनवर सांगितली.

काल रात्री तिने अर्वाइनला नकार कळवला. नकार नोंदवताना विद्यापीठाने दिलेल्या कारणांतून एक निवडायचे होते. ती बराच वेळ बोट वर-खाली फिरवत राहिली आणि शेवटी ‘खर्च’ निवडला. शीतकपाटावरचा जुना कागद मी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे.

घरचा अभ्यास | ३० मे

अभिनंदन. सॅन होजेत ओरिएंटेशन झाल्याशिवाय कोर्स नोंदवता येत नाहीत, म्हणून मिळेल ती सर्वांत लवकरची तारीख घ्या. उशिराच्या तारखेला गेलेल्यांना सकाळी साडेसातचे वर्ग उरतात.

सनीवेलकरीण | ३१ मे

तारीख आज सकाळीच घेतली. मात्र ती १सीच्या अंतिम परीक्षेच्या आदल्या दिवशीची निघाली, म्हणून आता पुन्हा बदलून घ्यायला बसलो आहोत.